हायलँड गेम्सच्या हेवी थ्रोची तयारी गावातल्या वावरात कशी सुरू करावी?

पैनगंगाकाठ (जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. पुढच्या सप्टेंबरात शिकायला स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जायचं नक्की झालं आहे. तिकडे गावोगावी हायलँड गेम्स, म्हणजे तिथल्या पारंपरिक खेळांचे मेळे, भरतात आणि त्यातले हेवी इव्हेंट, म्हणजे दगड, वेट (साखळी-कडी लावलेलं लोखंडी वजन), हॅमर (लांब दांड्याला बसवलेलं जड डोकं), केबर (उभा उचलून उलटवायचा लांब लाकडी सोट), हे शिकून उतरायची मनापासून इच्छा आहे.

आधीची तयारी गोळाफेकीची. ७.२६ किलोचा गोळा उभ्याने साडेदहा मीटरच्या आसपास जातो. वजन ९२ किलो, उंची ५ फूट ११. थाळी कधी शिकलेलो नाही. गावात क्रीडांगण नाही, स्वतःचं दीड एकर काळं वावर आहे. सोयाबीन निघालं की ते मोकळंच राहतं. फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे सामान बनवता येईल का, सुरुवात कोणत्या प्रकारापासून करावी, आणि एकट्याने काय करू नये, एवढं नीट सांगा. व्हिडिओ पाहिले, पण वजन-मापं सगळी पौंडात आणि प्रत्येक जण वेगळंच बोलतो.

---

गोळाथाळी (अमरावती)

भाऊ, आधी तारखांचं बघा. स्कॉटलंडातले गेम्स साधारण मे ते सप्टेंबर चालतात. ब्रेमार गावचं प्रसिद्ध गॅदरिंग (तिथला गेम्सचा मेळा) सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी असतं. तुम्ही पोचाल तेव्हा हंगाम सरत आलेला असेल आणि खरी पहिली संधी त्याच्या पुढच्या मे महिन्यात मिळेल. त्यामुळे घाई करून ५६ पौंडाला हात घालायची काहीच गरज नाही.

आता पौंडांचा हिशेब एकदा डोक्यात बसवून टाका. १६ पौंड म्हणजे ७.२६ किलो, तुमच्या गोळ्याएवढंच. २२ पौंड म्हणजे ९.९८ किलो, २८ म्हणजे १२.७ आणि ५६ म्हणजे २५.४ किलो. पुरुषांना दगड साधारण १६ आणि २२ पौंडाचा (प्रत्येक मैदानाचा आपापला जुना दगड असतो, वजन थोडं इकडेतिकडे), हॅमर १६ आणि २२, लांब फेकायचं वेट २८ आणि ५६, आणि दांडीवरून उंच फेकायचं वेट ५६. केबरचं ठरलेलं माप नसतं, ज्या गावाचा जसा असेल तसा. बऱ्याच ठिकाणी पेंढीही असते, म्हणजे गवत भरलेलं पोतं गवत उचलायच्या दातेरी काट्याने दांडीपलीकडे उडवायचं, पण ती सगळीकडे नसते.

क्रम असा ठेवा: दगड, मग २८ चं वेट, मग उंचीचं वेट, हॅमर त्यानंतर आणि केबर सगळ्यात शेवटी. सगळ्यांना केबर आधी करून बघायचा असतो, आणि पाठ-खांदा धरून बसायची वेळही त्यानेच येते.

दगड. हा तुमचा घरचा प्रकार, तरी दोन फरक आहेत. त्याच वजनाचा काळा दगड लोखंडी गोळ्यापेक्षा बराच मोठा असतो. लोखंडी गोळा ११ ते १३ सेंमी, तर तेवढ्याच वजनाचा बेसाल्टचा गोल दगड जवळपास १७ सेंमी. तो बोटांच्या टोकांवर तोलला जात नाही. बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या वरच्या भागावर ठेवावा लागतो आणि अंगठा जरा जास्त उघडावा लागतो. गोळ्यासारखा बोटांवर चढवला तर सुटताना मधल्या बोटावर सगळा भार येतो आणि बोट मुरगळतं. दुसरा फरक असा की दगड गोल नसतो, त्यामुळे रोज त्याची एकच बाजू तळव्यावर यायला हवी. खडूने खूण करून ठेवा. नदीतला गुळगुळीत, किंचित लांबट दगड निवडा, पहिला ६ किलोच्या आसपासचा, नंतर ८ ते १० चा. फुटलेली कडा असेल तर तो मानेशी धरायचा नाही.

दगडाचे दोन नियम दिसतील. एकात धावायला किंवा फिरायला मुभा असते, तिथे तुमची गोळ्याची घसरण (एका पायावर मागे घसरत येऊन टाकणं) तशीच चालते. दुसरा ब्रेमार पद्धतीचा, त्यात धाव नाही, घसरण नाही, उभ्याने टाकायचा आणि दगड जास्त जड. तुमची उभी फेक आधीच बरी आहे, त्यामुळे इथे लवकर गुण मिळतील.

२८ चं वेट. सगळ्यात जास्त वेळ याला द्या. वजन, साखळी आणि कडी मिळून १८ इंचांच्या आत. एका हातात कडी धरायची आणि ९ फूट लांब, साडेचार फूट रुंद चौकोनातून गोल फिरून फेकायचं. पुढे ट्रिग म्हणजे जाड लाकडी ओंडका असतो, त्याच्यावर किंवा पलीकडे पाय पडला की फेक बाद. पाय थाळीफेकीसारखे चालतात, म्हणून जवळच्या कॉलेजात थाळी शिकवणारे सर असतील तर चार दिवस फक्त पायांसाठी त्यांच्याकडे जा. अमरावतीकडे येणं होत असेल तर हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात विचारपूस करा.

उजव्या हाताच्या माणसासाठी टप्पे असे.

पहिले दोन आठवडे उभ्याने. डावा खांदा फेकीच्या दिशेला. वेट समोरून डावीकडे झुलवायचं, तिथून परत उजवीकडे, मागे, हात पूर्ण लांब होईपर्यंत न्यायचं. ते मागे सगळ्यात दूर पोचलं की उजवी टाच आणि कंबर आधी वळते, वेट मागून ओढलं जातं आणि डाव्या पायावर अंग अडवून सोडायचं. सुटताना वेट साधारण खांद्याच्या उंचीवरून, वर चढत असलं पाहिजे.

त्यानंतर एक फिरकी. पाठ फेकीच्या दिशेला. वेट उजवीकडे मागे गेलं की डाव्या पायाच्या चवड्यावर वळा, उजवा पाय चौकोनाच्या मध्यावर, डावा ट्रिगजवळ. शेवटी दोन फिरक्या.

हात. इथेच नवीन माणूस दुखावतो. कोपर वाकवून वेट ओढायचं नाही, एकदाही नाही. हात म्हणजे मोटेचा दोर समजा: भार पेलतो तो दोर, ओढतात बैल. फिरताना १२.७ किलोचा ताण कितीतरी पट होतो आणि वाकलेल्या कोपरावर तो थेट दंडाच्या खालच्या शिरेवर येतो. ती शीर तुटली तर बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं.

आठवड्याला तीन दिवस फेक, एका दिवशी दोनच प्रकार, प्रत्येकी १५ ते २० फेकी, बस. थकल्यावरची फेक चुकीची सवय लावते. उरलेल्या दोन दिवशी बैठका, डेडलिफ्ट, खांद्यावरून वजन वर ढकलणं.

---

भट्टीवाला (ता. मोर्शी)

सामानाचं मी सांगतो. फाट्यावरच्या दुकानात सगळं होते, फक्त मापं लिहून न्या, तोंडी सांगू नका.

२८ पौंडाच्या वेटसाठी भंगारात १२५ मिमी व्यासाचा लोखंडी राउंड बार शोधा. मशीनच्या जुन्या शाफ्टचा तुकडा मिळून जाते. १२० मिमी लांब कापला का साडेअकरा किलोच्या जराक वर भरते. राहिलेला सव्वा किलोच्या आतबाहेरचा हिशेब आयबोल्ट (डोक्याले गोल डोळा असलेला बोल्ट), साखळी अन् कडीत जाते. ५६ साठी १५० मिमीचा बार, १७३ मिमी लांब, तो २४ किलोचा होते, बाकी वरचं सामान. आखरीले अडतीवरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अख्खं वजन करा. कमी भरलं तं खालून पत्र्याची चकती वेल्ड करा, जास्त भरलं तं ड्रिल मारून माल काढा.

आता मेन गोष्ट. आयबोल्ट बारच्या तोंडावर नुसता वेल्ड करून मोकळे होऊ नका. वरून चांगला दिसते, पण दरवेळी खाली आपटून आपटून त्या वेल्डाले बारीक चीर जाते अन् एक दिवस वेट साखळी सोडून कुठंबी जाते. बारले मधोमध ४० मिमी खोल ड्रिल मारा, १६ मिमीचे आटे पाडा, आयबोल्ट पुरा कसा, अन् मंग वरून चारी बाजूनं वेल्ड घ्या. साखळी १० मिमीची, दोन-तीन कड्या पुरतात. डी-शॅकलची (साखळी जोडायच्या इंग्रजी डी आकाराच्या कडीची) पिन तारेनं बांधून टाका, ते सैल होतेच.

हातातली कडी १४ मिमी सळईची, तिकोनी किंवा गोल, आतून ११ सेंमीच्या आसपास, चारी बोटं आरामात बसली पाह्यजे. कडीचा जोड वेल्ड केल्यावर ग्राइंडर मारा अन् वरून बारीक पॉलिश पेपर. जोडाची गाठ राहिली तं पहिल्याच दिवशी तळहात फाटते. अन् जोड बोटांच्या जागी येऊ देऊ नका, साखळीच्या बाजूले ठेवा.

लांबी मोजा: कडीच्या वरच्या कडेपासून वेटच्या बुडापर्यंत, ताणून धरलं का ४५.७ सेंमीच्या आत. १२० चा बार, ३० चा आय, ११० ची साखळी, १४० ची कडी, म्हणजे ४० सेंमी झाले. पाच सेंमीची जागा अजून आहे, पाह्यजे तं साखळीची एक कडी वाढवा. आखूड वेट फिरवाले सोपं वाटते पण दूर जात नाही.

पैसे एकदम घालायचे नसतील तं किराणा दुकानातलं जुनं १० किलोचं लोखंडी वजन अन् त्याले साखळी-कडी लावा, सुरुवातीले ११ किलो बेस आहे. त्या वजनाची वरची पकड ओतीव असते, हिसक्यानं तुटू शकते, म्हणून साखळी त्या पकडीले अडकवू नका. खालून पट्टी घेऊन बांधा.

हॅमर घरी करायचाच असन तं टिकासाच्या दांड्याची रीत वापरा. टिकासाचा दांडा वरून घालतो, जाड टोक भोकात अडकते, म्हणून जितका जोरात फिरवाल तितका तो घट्ट होते. हॅमरच्या डोक्याले असंच निमुळतं आरपार भोक पाडून दांडा खालून वर काढा, जाड टोक बाहेर राहू द्या. कुऱ्हाडीसारखी पाचर मारून बसवला तं डोकं उडून जाते. दांडा भरीव मानवेल बांबूचा चालते, पण उभी बारीक चीर दिसली का सरळ चुलीत टाका. पूर्ण लांबी ५० इंच, १२७ सेंमी.

---

निंबाखाली (जि. वाशीम)

जागेबद्दल. काळी माती या खेळाला दोन्ही हंगामांत त्रास देते. पावसाळ्यात बुटाला किलो-किलोचा गारा चिकटतो, पाय फिरतच नाही आणि गुडघा पिळला जातो. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात चवडा अडकून घोटा जातो. म्हणून फेकायची जागा वेगळी तयार करा: १० फूट बाय ५ फूट, एक वीत खोल माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका. वरून बारीक चाळलेला मुरूम. सिमेंट करू नका. तिकडे गवतावर फेकायचं आहे, आणि सिमेंटवर पाय जितके सहज फिरतात तितके गवतावर कधी फिरत नाहीत, मग सगळं टायमिंग बदलतं.

ट्रिगसाठी बाभळीचा ओंडका, साडेचार फूट लांब, वीतभर उंच आणि रुंद. मागून-पुढून दोन-दोन सळया दीड फूट खोल ठोका. हलणारा ट्रिग नसलेला बरा.

पडायच्या बाजूला सोयाबीन किंवा गहू निघालेलं वावर चालतं. पऱ्हाटी उपटलेलं चालत नाही, जमिनीत राहिलेले धसकट पायात घुसतात. चौकोनाच्या दोन्ही अंगांनी आणि मागे २५-३० पावलं कोणी उभं राहायचं नाही. वेट नवशिक्याच्या हातून मागेसुद्धा सुटतं. गावात पोट्टे बघायला येतातच. चुन्याची रेघ मारा, एका मोठ्या माणसाला रेघेवर उभं करा, आणि रेघेच्या आत कोणी आलं की वेट खाली ठेवून द्या. बांधावर बांधलेले बैल आणि बोअरचं स्टार्टर किती दूर आहे हेही आधी मोजा.

एप्रिल-मे मध्ये सकाळी साडेपाच ते साडेसात एवढीच वेळ. आठ वाजता उन्हात ठेवलेली कडी हातात धरवत नाही आणि घामाने पकड सुटते, ते उन्हाळीपेक्षा वाईट. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. पकडीसाठी हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर जवळपास मिळाली नाही तर कोरडी राख नको, ती ओलसर झाली की घसरते. ती पावडर खेळाच्या दुकानातून मागवून घ्या.

---

पैनगंगाकाठ (जि. यवतमाळ)

सर्वांचे मनापासून आभार. जागा झाली, ११ किलोचं वेट झालं, दगड नदीतून दोन आणले. तीन आठवड्यांनंतर अडलंय ते असं: एका फिरकीत वेट दर तीनपैकी दोनदा डाव्या बाजूला पळतं. दोन फिरक्या घेतल्या की ट्रिग ओलांडला जातो. आणि तळहातावर अनामिकेच्या खाली रोज फोड. आखाड्यातला मुद्गल हॅमरच्या सरावाला चालेल का, हेही विचारायचं होतं.

---

गोळाथाळी (अमरावती)

उजव्या हाताच्या माणसाचं वेट डावीकडे गेलं म्हणजे ते उशिरा सुटलं. उजवीकडे गेलं असतं तर लवकर सुटलं म्हणालो असतो. पण "लवकर सोड" असं स्वतःला सांगून ते सुधारत नाही. मुळाशी बहुतेक वेळा डावा पाय असतो. तो फेकीच्या रेषेच्या फार डावीकडे पडतो, कंबर आधीच उघडी होते, अंग अडायला काही उरत नाही आणि माणूस वेटच्या मागे डावीकडे वाहत जातो.

चुन्याने चौकोनाच्या मधोमध, मागून ट्रिगपर्यंत एक सरळ रेघ मारा. फिरकीनंतर उजवा पाय रेघेवर यायला हवा, आणि डावा पाय रेघेच्या डावीकडे चार बोटं, जास्त नाही. वेट हातात न घेता, नुसता टॉवेलला गाठ मारून हातात धरा आणि अशा ३० फिरक्या मारा. प्रत्येक फिरकीनंतर थांबून पाय कुठे पडले ते पाहा. मुरमावर ठसे स्पष्ट उमटतात, हा त्या जागेचा मोठा फायदा. टॉवेल सुटला तर डाव्या पायाच्या बाहेर पडतो की समोर, हेही दिसतं. चार दिवसांत फरक कळतो. डावा हात जोरात मागे फेकत असाल तर तेही थांबवा. तो छातीजवळ आणून तिथेच रोखला की उजवी बाजू आपोआप पुढे येते.

ट्रिग ओलांडण्याचं कारण बहुतेक पहिली फिरकी लांब आणि जोरात होते. ९ फुटांत दोन फिरक्या बसवायच्या तर पहिली छोटी आणि सावकाश, फक्त वेटला लय देण्यापुरती. वेग दुसरीत. सुरुवात चौकोनाच्या अगदी मागच्या कडेला टाचा लावून करा. आणि पहिला महिनाभर तरी, वेट सोडून झाल्यावर पायांची अदलाबदल करूच नका. वेट सुटल्यावर दोन्ही पाय जागच्या जागी ठेवून थांबता आलं पाहिजे. थांबता येत नसेल तर वेग तुमच्या ताब्यातला नाही.

फोड अनामिकेखाली येतात, म्हणजे कडी तळव्यात खोल धरली जाते. ती बोटांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेरांमध्ये अडकवा, आकड्यासारखी, अंगठा वरून. तळव्यात धरली की फिरताना कातडी दुमडते आणि फाटते. जुने घट्टे झाले की आठवड्याला एकदा आंघोळीनंतर दगडाने घासून सपाट ठेवा. उंच झालेला घट्टा मुळासकट निघतो.

मुद्गल. हालचाल वरून सारखी दिसते म्हणून बरेच जण सुचवतात, पण माझं मत विरुद्ध आहे. मुद्गल पाठीमागून खांद्याजवळून, जवळ ठेवून, वाकलेल्या कोपराने फिरवतात. हॅमर दूर ठेवून, हात लांब ठेवून, तिरक्या वर्तुळात फिरतो. खांदे तयार करायला मुद्गल उत्तम, सरावाआधी दहा-दहा फेरे जरूर मारा. पण हॅमरचा ठोका त्याने शिकू नका.

हॅमरचं थोडक्यात असं: ऑलिम्पिकच्या हॅमरसारखं यात गोल फिरायचं नाही. ट्रिगकडे पाठ करून पाय जमिनीत रोवून उभं राहायचं, डोक्याभोवती दोन-तीन फेरे आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडायचं. वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू उजव्या पायासमोर, वरचा डाव्या खांद्यामागे. हॅमर वर गेला की गुडघे वाकवून त्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवा, नाहीतर तो तुम्हाला ओढून नेतो. तिकडचे खेळाडू बुटांच्या पुढे लांब पाती लावून ती जमिनीत रुतवतात. सुरुवातीला त्यांची गरज नाही, आणि पाती रुतलेली असताना चुकून अंग फिरलं तर गुडघा जातो. चार-पाच किलोच्या डोक्याने सुरुवात करा.

---

सातपुडा_पायथा (ता. चिखलदरा)

उंचीच्या वेटबद्दल कोणी बोललं नाही, आणि एकट्याने करायला तोच सगळ्यात धोक्याचा आहे, म्हणून लिहितो.

दांडीकडे पाठ करून, दांडीपासून हात-दीड हात पुढे उभं राहायचं. एका हाताने वेट पायांमधून मागे, पुढे, पुन्हा मागे, आणि मग टाचा-गुडघे-कंबर एकदम उघडून डोक्यावरून मागे. हात शेवटी येतो. हाताने आधी ओढलं की उंची मिळतच नाही. लवकर सुटलं तर वेट तुमच्या समोर सरळ वर जाऊन तुमच्याच डोक्यावर उतरतं. उशिरा सुटलं तर खालून मागे जाऊन दांडी पाडतं. म्हणून सोडल्याबरोबर नजर वर आणि दोन पावलं पुढे, दांडीपासून दूर. वेट कुठे आहे हे दिसत नसेल तर धावा, वाट पाहू नका.

दोन उभे बांबू, दर सहा इंचांवर खिळे, आडवी हलकी पीव्हीसी नळी. खिळे फेकणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठोका, म्हणजे नळीला वेट लागलं तर ती मागे सहज पडते. सुरुवात २८ च्या वेटने ८ फुटांवर. २८ ने १३-१४ फूट सहज जायला लागलं की ५६ ला हात घाला, तोही पुन्हा ८ फुटांपासून. स्पर्धेत प्रत्येक उंचीला तीन संधी असतात.

केबर. गावात सेंट्रिंगची नीलगिरीची बल्ली भाड्याने किंवा विकत मिळते, तीच पहिली केबर. १३ फूट लांब आणि मध्ये १० सेंमी जाडीची ओली बल्ली ३० किलोच्या आसपास भरते, वाळली की बरीच हलकी. तुम्हाला हीच योग्य. ब्रेमारचा केबर १९ फूट ९ इंच आणि ६० किलो आहे, हा आकडा फक्त कल्पना यावी म्हणून. नवीन झाड तोडायला जाऊ नका, बांधावरचं असलं तरी आधी परवानगी लागते का हे विचारून घ्या.

बारीक टोक खाली, तेच हातात येतं. ते रंधा-कानशीने गोल करा, नाहीतर बोटं चिरतात. दोन माणसं बल्ली उभी करून धरतात. तुम्ही खाली बसून ती खांद्याला टेकवता, बोटं एकमेकांत गुंफून खाली सरकवता, थोडं उचलून तळवे टोकाखाली घालता आणि उभे राहता. पहिले पाच-सहा दिवस एवढंच: उचला, खांद्यावर तोला, दहा पावलं चाला, खाली ठेवा. तोल मान आणि खांद्यामध्ये असतो. हातांनी तोलायला गेलात की ती हातातून निघते.

फेकताना सावकाश धाव घ्या, थांबा, आणि वरचं टोक पुढे झुकायला लागलं की मगच हात वर ओढा. सगळे चुकतात ते इथेच: टोक झुकायच्या आधीच ओढतात, बल्ली जागेवरच उभी पडते आणि परत माणसावर येते. वरचं जाड टोक जमिनीला टेकून खालचं टोक वर जाऊन पलीकडे पडलं तर केबर उलटला. गुण लांबीला नाहीत, सरळपणाला आहेत. तुम्ही धावलात ती दिशा म्हणजे घड्याळातले १२. खालचं टोक १२ कडे पडलं तर पूर्ण, ११ किंवा १ कडे तर कमी. उलटला नाही तर बाजूचा पंच किती अंशांपर्यंत उभा झाला ते बघतो.

तोल गेला तर सोडा आणि ती पडतेय त्याच्या आडव्या दिशेला सरका. सावरायला जाऊ नका, सावरताना पाठ जाते. आणि केबरचा सराव एकट्याने कधीच नाही.

---

तिळगूळ (जि. वर्धा)

माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या मुली गोळा टाकतात. त्यांना हे शिकवता येईल का? महिलांची वजनं वेगळी असतात ना?

---

गोळाथाळी (अमरावती)

हो ताई, वेगळी. महिलांना लांब फेकायचं वेट १४ आणि २८ पौंड, हॅमर १२ आणि १६, उंचीचं वेट २८. दगड धाव घेऊन टाकायचा असेल तर ८ ते १२ पौंडांच्या दरम्यान. शाळेतल्या मुलींसाठी ३ किलोचा दगड आणि ४ किलोचं वेट यावरच वर्षभर थांबा, केबर नको. १४ चं वेट बनवायचं तर १०० मिमीचा बार ९१ मिमी लांब कापला की साडेपाच किलोच्या वर भरतो, बाकी साखळी-कडी मिळून ६.३५. टॉवेलची फिरकी मुलींना वर्गाच्या व्हरांड्यातही करता येते. गोळ्याच्या सरावाआधी रोज दहा मिनिटं ती घ्या.

---

भट्टीवाला (ता. मोर्शी)

ताई, शाळेसाठी करत असाल तं कडी १२ मिमी सळईची अन् आतून ९ सेंमी घ्या. मोठ्या माणसाच्या कडीत लहान हाताची बोटं पुरी वळत नाहीत, अन् पकड सुटते. अन् पैनगंगाकाठ भाऊ, दर महिन्याले आयबोल्टचा वेल्ड ब्रशनं साफ करून उजेडात पाहा. गंजाची बारीक रेघ वेल्डाच्या कडेनं दिसली का ते वेट तसंच दुकानात घेऊन जा, त्या दिवशी फेकू नका.